मुलांच्या चित्रात अस्वल आहे, बंदर नाही

खाडीपल्याड | ८ जुलै २०२५, रात्री ९.४०

गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात पावसामुळे खेळाचा तास वर्गातच घ्यावा लागला. तेव्हा नववीच्या मुलांना एकेक कोरा कागद दिला आणि सांगितलं, 'हवामान बदल' म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं ते काढा. पुस्तक उघडायचं नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही.

चाळीसेक कागद घरी आणले. निम्म्याहून अधिक कागदांवर बर्फाच्या तुकड्यावर उभं असलेलं पांढरं अस्वल. त्याखालोखाल तोंडात थर्मामीटर धरलेली पृथ्वी, धुरांडी, पेटलेलं जंगल आणि भेगाळलेल्या जमिनीवर डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी. तसली भेगाळलेली काळी जमीन यांच्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेली नाही. आमच्या पायाखाली जांभा दगड आहे. समुद्र शाळेपासून चालत दहा मिनिटांवर, पण एकाही चित्रात बंदर नाही, होडी नाही, आंब्याचं कलम नाही.

एका मुलीच्या कागदावर रबराच्या खुणा दिसल्या. उजेडात धरून पाहिलं तर खाली मोडून पडलेला माड होता आणि त्याच्यावर अस्वल काढलेलं. दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावून विचारलं, माड का खोडलास गं? म्हणाली, "बाई, ते आपल्याकडचं वादळ होतं. हवामान बदल म्हणजे ते दुसरं असतं ना."

तेव्हापासून तिचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. निसर्ग वादळ आलं, ३ जून २०२० ला, तेव्हा ही मुलं तिसरी-चौथीत होती. छपरावरची कौलं उडताना त्यांनी पाहिली आहेत. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं, तेही पाहिलं. अनुभव भरपूर आहे. त्या अनुभवाला 'हवामान बदल' हे नाव मात्र त्यांच्या लेखी लागत नाही, कारण हे शब्द त्यांना भेटले ते फोनवर, आणि फोनवरच्या त्या गोष्टीत कोकण नव्हतं.

चित्रं कुठून सुचली असं वर्गात विचारलं. रील, यूट्यूब, पाठ्यपुस्तक, ५ जूनची पोस्टर स्पर्धा. दोघांनी आजोबांचं नाव घेतलं आणि लगेच म्हणाले, "पण आजोबा असंच बोलतात."

मला वाटतं ते असं. बाहेरून येणाऱ्या व्हिडिओत कारण सांगितलेलं असतं, कार्बन डायऑक्साइड, तापणारा समुद्र वगैरे, पण आपलं गाव नसतं. आपल्या गावाची बातमी येते तेव्हा पडझड, पंचनामा आणि भरपाई असते, कारण गायब. मुलांच्या डोक्यात हे दोन कप्पे शेजारी शेजारी पडून राहतात.

तुमच्या घरातल्या मुलांना हे सगळं कुठून कळतं? आणि ते आपल्या किनाऱ्याशी जोडलं जातं का?

---

सुपारीबाग | ८ जुलै, रात्री १०.२५

ताई, मी श्रीवर्धनचा. वादळ आमच्याच डोक्यावर आलं. वाडीतल्या सुपाऱ्या सगळ्या एकाच दिशेला आडव्या. सुपारी लावल्यावर उत्पन्न सुरू व्हायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे त्या जूननंतर लावलेली रोपं अजून धरायचीच आहेत.

त्या दिवशी संध्याकाळी वीज गेलेली, टॉवर बंद. मुंबईतल्या भावाने नंतर सांगितलं की दुपारनंतर टीव्हीवर 'मुंबई वाचली' असं चाललं होतं. आमचा मुलगा तेव्हा नववीत. नेटवर्क परत आल्यावर त्याने पहिलं काय शोधलं असेल, तर आपल्या गावाचं नाव. जे व्हिडिओ सापडले त्यातले काही आपल्याकडचे नव्हतेच, कुठल्या तरी दुसऱ्या देशातल्या जुन्या वादळाचे. पोराला एवढा राग आला होता. म्हणाला, बाबा, आपलं खरं काय झालं ते कोणी दाखवतच नाही आणि खोटं मात्र फिरतंय.

---

वाशिष्ठीकाठ | ८ जुलै, रात्री ११.०५

विषय चांगला आहे, पण एक धोका सांगतो.

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी दुकानात शिरलं आणि मधला माळा गाठलं. नंतर कित्येक भाषणांत आणि लेखांत 'हवामान बदल, ढगफुटी, निसर्गापुढे कोणाचं काय चालतं' असं ऐकलं. आम्ही विचारत होतो नदीतल्या गाळाबद्दल, कोळकेवाडी धरणाच्या पाण्याबद्दल, भराव टाकून झालेल्या बांधकामांबद्दल. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लोक साखळी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे गाळ उपसण्याचं काम हलायला लागलं.

म्हणून मुलांना प्रत्येक गोष्ट हवामान बदलाच्या खात्यावर टाकायला शिकवू नका. पाऊस जास्त पडणं ही एक गोष्ट, आणि पडलेल्या पावसाला जायला वाट न ठेवणं ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीला जबाबदार माणसं असतात आणि त्यांना प्रश्न विचारता येतात.

---

खाडीपल्याड | ८ जुलै, रात्री ११.३०

वाशिष्ठीकाठ, हे अगदी मान्य. एका वादळावर किंवा एका पुरावर बोट ठेवून 'हाच हवामान बदल' असं मी वर्गात म्हणत नाही. यंदाचंच बघा. मान्सून २५ मे रोजी कोकणात पोचला, २६ मे रोजी मुंबईत. मुलं म्हणाली, बाई, हा हवामान बदल ना? मी म्हटलं, एका वर्षावरून ठरवायचं नाही, तीस वर्षांच्या नोंदी मांडायच्या आणि मग बोलायचं.

पण नोंदी मांडल्यावर जे दिसतं तेही लपवायचं नाही. माणसांमुळे वाढलेल्या उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णता समुद्राने पोटात घेतली आहे. चक्रीवादळ तयार व्हायला पृष्ठभागाचं पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर लागतं. पूर्वी बंगालच्या उपसागरात चार वादळं झाली तर अरबी समुद्रात एक, असं प्रमाण धरत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ पासूनच्या नोंदी तपासल्या, तर २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या तेवढ्याच काळापेक्षा ५२ टक्क्यांनी वाढलेली निघाली. ही पुण्याची माहिती आहे, आपल्या समुद्राची आहे. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने ती कुठल्याही पडद्यावर पाहिलेली नव्हती. अस्वल मात्र सगळ्यांनी पाहिलंय.

---

जुना वार्ताहर | ९ जुलै, सकाळी ७.१५

तीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातून बातम्या पाठवल्या, म्हणून आतली बाजू सांगतो.

वादळ किंवा अवकाळी झाला की कार्यालयातून फोन यायचा, किती घरं, किती हेक्टर, कोण पाहणीला येतंय. दीडदोनशे शब्दांत हे बसवायचं. मी एकदा शेवटी चार ओळी जोडल्या होत्या, गेल्या काही वर्षांत मोहोराच्या काळात पाऊस किती वेळा आला याच्या. छापून आलं तेव्हा त्या चार ओळी नव्हत्या. कोणी मुद्दाम कापल्या नाहीत. जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद जातो, आणि कारण नेहमी शेवटच्या परिच्छेदात असतं. तेव्हापासून मी कारण दुसऱ्या वाक्यात लिहायला लागलो. काही वेळा ते टिकलं.

दुसरं म्हणजे तहसील कचेरीतून जो आकडा मिळतो तोच बातमीत येतो. पडलेलं झाड मोजतात. न आलेला मोहोर कोण मोजणार? बंदरावरून रिकाम्या हाताने परतलेली होडी कुठल्या रकान्यात लिहिणार? हळूहळू होणाऱ्या गोष्टीला बातमीचा दिवस नसतो.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसेल. २२ नोव्हेंबर १९९१ ला सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्देश दिले होते. चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाविषयी निदान दोन स्लाइड फुकट दाखवाव्यात, आकाशवाणी आणि दूरदर्शनने रोज पाच-सात मिनिटं या विषयाला द्यावीत, शाळा-कॉलेजांत तो सक्तीचा असावा. म्हणजे माध्यमांनी हे काम करायला हवं हे चौतीस वर्षांपूर्वीच सांगून झालंय. शाळेतला विषय आला. चित्रपटगृहातल्या स्लाइड मी क्वचितच पाहिल्या. आज न्यायालयाला 'रोज पाच मिनिटं' कोणत्या पडद्याला सांगावं लागेल, हा विचार मनात येतो.

---

दाभोळखाडी | ९ जुलै, दुपारी १.५०

मी रील बनवते, वय बावीस, म्हणून या बाजूने लिहिते.

पहिल्या पावसात कातळावर उगवलेली फुलं, कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या, लाल मातीची वाट, यांचे व्हिडिओ लाखाच्या पुढे जातात. 'येवा कोकण आपलाच असा' लिहिलं की अजून पुढे. मागच्या वर्षी मी किनाऱ्याची धूप दाखवली, जिथे लहानपणी आम्ही लंगडी खेळायचो तिथे आता दगडांचा बंधारा आहे. तो व्हिडिओ दोन हजारांवर अडकला. खाली पहिली प्रतिक्रिया, "ताई, पॉझिटिव्ह दाखव ना काहीतरी."

पुढचं लिहायला जड जातंय. त्या प्रतिक्रियेनंतर मी चार महिने फक्त फुलंच दाखवली. जे चालतं ते अ‍ॅप पुढे ढकलतं, ते बघून आम्ही तेच बनवतो, आणि मुंबई-पुण्यात वाढलेल्या मुलांना वाटतं कोकण म्हणजे कायम हिरवं, कायम ओलं. इथे एप्रिल-मे महिन्यात टँकर येतो, हे त्यांना सांगून पटत नाही.

कासवांचंच घ्या. वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडलेची घरटी राखली जातात, २००६ पासून कासव महोत्सव होतो. इवलीशी पिल्लं पाण्याकडे धावताना सगळे शूट करतात, मीही केलंय. पण कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे अंड्याभोवतीच्या वाळूच्या तापमानावर ठरतं, वाळू जास्त तापली की माद्या जास्त, हे किती व्हिडिओत सांगतात? हे मला तिथल्या एका कासवमित्राने सांगितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मी ते चाळीस सेकंदांत सांगितलं, वाळूत रुतवलेला थर्मामीटर दाखवून. तो व्हिडिओ चालला! शाळेतल्या मुलांचे मेसेज आले, "खरंच का?" म्हणजे मुलांना नको असतं असं नाही. पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या पलीकडे, 'हे मला माहीत नव्हतं' असं वाटायला लावणारं काहीतरी हवं असतं.

---

राजापूरची लेक | ९ जुलै, रात्री ८.३०

माहेर राजापूर, राहते डोंबिवलीत. माझी बारा वर्षांची मुलगी गेल्या वर्षी रात्री झोपेना. कोणीतरी व्हिडिओ पाठवला होता, २०५० मध्ये मुंबई पाण्याखाली, निळा रंग पसरत जाणारा नकाशा आणि मागे भीतीदायक संगीत. मला विचारते, "आई, आजीचं घर पण जाणार का? मग आपण गणपतीला कुठे जायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. टाळलं. आता वाटतं टाळायला नको होतं. जाणीव हवी, पण ही अशी जाणीव मुलाच्या हातात काय देते? रडणं?

---

जुना वार्ताहर | ९ जुलै, रात्री ९.१०

ताई, मुलीला दोन गोष्टी सांगा. तसल्या बऱ्याच नकाशांत निळा भाग म्हणजे कायमचं बुडणं असं नसतं. वर्षातून एखाद्या वेळी तरी भरतीच्या पुराचं पाणी जिथवर चढू शकेल असा सखल भाग त्यात दाखवतात, आणि बंधारे वगैरे बहुधा धरलेले नसतात. दुसरं, १९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि वाढीचा वेग आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. वीतभर म्हणून दुर्लक्ष करू नये, कारण उधाण आणि वादळ एकत्र आलं तर ही वीत फार आत येते. आजीचं घर घाटीवर आहे की खाडीकाठी, हे तिच्याबरोबर बसून नकाशात पाहा. भीतीला माप मिळालं की मूल प्रश्न विचारायला लागतं.

---

हापूस आमचा | १० जुलै, सकाळी ६.४५

पावसजवळ कलमं आहेत, साडेतीनशे. माझा मुलगा दापोलीला कृषी विद्यापीठात शिकतो. त्याची आणि माझी गोष्ट सांगतो, कारण ती या धाग्याला लागू आहे.

हापूसला मोहोर यायला रात्रीची थंडी लागते. ती वेळेवर, बेताची आणि सलग हवी. गेली काही वर्षं असं होतं की पहिला मोहोर येतो, वाटाण्याएवढी फळं धरतात, मग जानेवारीत पुन्हा कडाका पडतो आणि त्याच फांदीला नवा मोहोर फुटतो. झाड सगळा रस त्या नव्या मोहोराला देतं आणि धरलेली कैरी गळून पडते. याला पुनर्मोहोर म्हणतात. त्यात ढगाळ हवा आली की तुडतुडे, थ्रिप्स या किडी आणि भुरी रोग. मार्चमध्ये एकदम ऊन चढलं की फळ भाजतं, साका वाढतो, म्हणजे आतला गर खराब होतो. आणि यंदा मे महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत असा पाऊस लागला की झाडावरचा शेवटचा आंबा उतरवताच आला नाही.

मी हे सगळं 'ग्रहमान फिरलंय' म्हणून सोडून द्यायचो. मुलगा सुट्टीत आला, माझ्या वडिलांच्या वह्या काढून बसला. त्यात १९८० नंतरच्या पहिल्या पेटीच्या तारखा, फवारणीच्या तारखा, पाऊस कधी आला ते, सगळं आहे. त्याने ते मोबाइलमध्ये भरलं आणि रेषा काढून दाखवली. तारखा किती अस्थिर झाल्यात ते एका नजरेत कळलं. पूर्वी आमच्याकडे चारच फवारण्या व्हायच्या, आता किती होतात ते लिहायला नको वाटतं.

मी त्याला म्हटलं, हे वर्तमानपत्रात का नाही येत? तर म्हणाला, बाबा, वर्तमानपत्रात मार्चमध्ये फक्त वाशी मार्केटचा दर येतो.

---

तांडेलाचा नातू | १० जुलै, दुपारी ३.२०

देवबाग, मालवण. कॉलेजला रत्नागिरीत आहे, आत्ता घरी आलोय.

खाडीपल्याड ताई, तुमच्या वर्गातली दोन मुलं म्हणाली ना, "आजोबा असंच बोलतात", ते मीच आहे असं वाटलं. आमचे आजे रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारे. त्यांचं रोजचं एक वाक्य, "दर्यो आता पयल्यासारखो रवलो नाय, झिला." लहानपणी आम्ही हसायचो. मग अकरावीत असताना एक इंग्रजी माहितीपट पाहिला, त्यात शास्त्रज्ञ म्हणाला पाणी तापलं की मासे खोल किंवा थंड पाण्याकडे सरकतात. मी उठून आज्यांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "ह्या मी तुका धा वर्सा सांगतंय." मला लाज वाटली. परक्या भाषेत, परक्या माणसाने सांगितल्यावर मी मान डोलावली होती.

आमच्या गावात एका बाजूला समुद्र, एका बाजूला कर्ली नदी, मध्ये एवढीशी पट्टी. दर पावसात कोणाची ना कोणाची माडाची ओळ जाते. हे पर्यटकांच्या व्हिडिओत येत नाही, तिथे स्कूबा आणि संगम येतो.

फोन वाईटच असंही नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र माहिती केंद्राकडून मासे कुठे सापडण्याची शक्यता आहे आणि लाटा किती उंच असतील याची सूचना येते, मराठीतही येते. काका ती बघितल्याशिवाय होडी काढत नाहीत. फयान वादळ आलं २००९ मध्ये, तेव्हा समुद्रात असलेल्यांपर्यंत निरोप पोचवणं किती कठीण होतं ते घरी अजून सांगतात. माध्यम म्हणजे फक्त जागृती नव्हे, आमच्याकडे माणूस घरी परत येणं त्यावर असतं.

---

वाशिष्ठीकाठ | १० जुलै, संध्याकाळी ६.००

तांडेलाचा नातू, तुमच्या शेवटच्या वाक्यावर बराच वेळ थांबलो. रेड, ऑरेंज, यलो अलर्ट शब्द आमच्या मुलांना पाठ आहेत, पण त्याचा उपयोग 'उद्या शाळेला सुट्टी का?' एवढाच. ऑरेंज म्हणजे आपण काय तयारी करायची हे माझ्या मुलीलाही माहीत नव्हतं. काल तिच्याबरोबर बसून घरातली कागदपत्रं वरच्या माळ्यावर ठेवली.

---

खाडीपल्याड | १० जुलै, रात्री ९.५५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज वर्गात एक करून पाहिलं ते सांगते.

येल विद्यापीठ आणि सीव्होटर यांनी २०२१-२२ मध्ये भारतात एक पाहणी केली होती. ५४ टक्के लोक म्हणाले, जागतिक तापमानवाढीबद्दल फार थोडं माहीत आहे किंवा ऐकलेलंच नाही. मग त्यांना दोन वाक्यांत ती काय असते हे सांगितलं, तेव्हा ८४ टक्के म्हणाले, हे होतंय. म्हणजे लोकांना दिसत होतंच, नाव ठाऊक नव्हतं. माझ्या वर्गातही तसंच असेल असं वाटलं.

म्हणून आज अस्वलाचं नावही काढलं नाही. हापूस आमचा यांचा पुनर्मोहोराचा परिच्छेद आणि दाभोळखाडीचा वाळूतल्या थर्मामीटरचा किस्सा फळ्यावर लिहिला. मग विचारलं, तुमच्या घरात असं काय बदललंय? पहिली पाच मिनिटं शांतता. मग एक मुलगा म्हणाला, आमची विहीर पूर्वी शिमग्यानंतरही भरलेली असायची. दुसरी म्हणाली, आई सुकट आता अंगणात वाळवत नाही, कधी पाऊस येईल सांगता येत नाही. मग थांबेचनात. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

त्या मुलीने दुसरा कागद मागून घेतला. माड काढला, नीट, मुळांसकट उपटलेला. बाजूला समुद्र आणि समुद्रात थर्मामीटर.

आता मुलांनी ठरवलंय की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आवाज रेकॉर्ड करायचे, प्रत्येकी दोन मिनिटं. रेकॉर्डिंग आधी शाळेच्या गटावर ठेवू. दाभोळखाडी, तू त्यातले चार निवडून व्हिडिओ करशील का? आणि तांडेलाचा नातू, तुझे आजे बोलतील का रे?

---

दाभोळखाडी | १० जुलै, रात्री १०.१०

करते बाई. खाली तुमच्या मुलांची नावं नको, फक्त गाव टाकूया. पहिला सुकटीचा घेऊ, माझी आईही हेच म्हणते.

---

तांडेलाचा नातू | १० जुलै, रात्री १०.४०

विचारलं. मासेमारी बंद आहे, दिवसभर पडवीत जाळी शिवत बसलेले असतात, त्यामुळे वेळ आहे. आधी नको म्हणाले, मग म्हणाले, घरात नको, किनाऱ्यावर बसून बोलेन. पण आज पुनव, उधाण आहे, गाज एवढी आहे की फोनमध्ये दुसरं काही ऐकूच येणार नाही. म्हणाले, अष्टमीक भांग असतलो (भरती कमी असते), तेव्हा ये. तोपर्यंत तुमच्या मुलांनी प्रश्न लिहून पाठवा ताई, मालवणीत नको, त्यांच्या भाषेत चालतील, मी विचारतो.